सात हजार खोटी पावलं

मित्रांनो, मी एक जुना टिक्या आहे. नाव ऐकून हसू नका. माझं पूर्ण नाव 'पावलं मोजायचं यंत्र', पण एवढी लांबलचक हाक कोण मारणार? मी चालताना टिक् टिक् वाजतो म्हणून टिक्या. चपटी गोल डबी, पुढे काच, काचेमागे आकड्यांची पाच चाकं आणि पाठीला कमरपट्ट्यात अडकवायची चाप. बाजूला एक कळ, ती दाबली की चाकं परत शून्यावर. पोटात केसाएवढ्या बारीक स्प्रिंगला लटकलेला एक छोटा लंगर, म्हणजे इवलंसं वजन, आहे. माणसानं पाऊल टाकलं की लंगर खाली आपटतो आणि आकडा एकानं पुढे सरकतो. मला एवढंच येतं. लोकांना वाटतं, याला काय कळतंय! अहो, सगळं कळतं. बोलता येत नाही, हेच तर दुखणं आहे. आज मात्र मी बोलणार. माझ्या पोटातून इतकं खोटं वदवून घेतलंय की आता ते मावत नाही.

माझा जन्म घड्याळांच्या कारखान्यात झाला. तिथे एका डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बाईनं चिमट्यानं माझी स्प्रिंग बसवली. मला कानाशी धरून दोनदा हलवलं आणि पुढच्या टेबलावर ढकललं. त्यानंतर दोन वर्षं मी एका दुकानाच्या काचेत धूळ खात पडलो होतो. लोक गजराची घड्याळं न्यायचे. मला उचलायचे, हलवायचे, 'याचा उपयोग काय?' म्हणायचे आणि परत ठेवायचे. फार अपमान वाटायचा.

शेवटी एका भांडणामुळे माझी सुटका झाली. आमचे मालक वीज कंपनीत मीटर वाचायला होते. सगळी वस्ती त्यांना 'मीटरवाले' म्हणते, मीही तेच म्हणणार. संध्याकाळी घरी आल्यावर ते पाय पसरून म्हणायचे, "आज दहा मैल चाललो." त्यांच्या बायकोला, म्हणजे वस्तीच्या मावशींना, ते काही पटेना. "दहा मैल? गप्पा मारत कट्ट्यावर बसला असाल!" रोजची कटकट नको म्हणून मावशीच एक दिवस मला विकत घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या कमरेला अडकवून म्हणाल्या, "आता हा सांगेल खरं काय ते." संध्याकाळी मी काचेत वीस हजारांच्या वरचा आकडा दाखवला. मावशींनी तो तीनदा वाचला, मग गुपचूप पाणी गरम करून नवऱ्याचे पाय शेकायला बसल्या. मित्रांनो, कामाच्या पहिल्याच दिवशी एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं?

पुढची सव्वीस वर्षं मी त्यांच्या कमरेला होतो. किती जिने, किती बोळ, किती अंधारे कोपरे पाहिले म्हणून सांगू! दारावर थाप मारायची आणि मोठ्यानं ओरडायचं, "मीटर!" आतून कुणीतरी दार उघडायचं, कुणी पाणी द्यायचं, कुणी गाऱ्हाणं सांगायचं, एखादं कुत्रं पोटरी धरायचं. मीटरवाल्यांचा एक नियम होता. काचेत दिसतं तेच कागदावर लिहायचं. घराला कुलूप असलं की त्यांचे सोबती अंदाजानं आकडा टाकून मोकळे व्हायचे. हे मात्र दुसऱ्या दिवशी परत जायचे, तिसऱ्या दिवशी परत. "न बघितलेला आकडा माझ्या तोंडून निघणार नाही," असं ते साहेबाला तोंडावर सांगायचे. मीटरमध्ये कुणी लबाडी केली असली तर त्यांना वासच यायचा. "याचा आकडा फार गुळगुळीत येतोय, वर चढून बघायला पाहिजे," म्हणायचे, आणि बघितलं की काहीतरी सापडायचंच.

मग ते निवृत्त झाले. मी कपाटाच्या खणात गेलो. जुन्या किल्ल्या, संपलेल्या बॅटऱ्या, एक मोडका चष्मा असा आमचा संसार. मीटरवाले तरीही रोज सकाळी दोन तास बाहेर भटकायचे, हे मला त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं. मला नेत नव्हते, पण चालत होते ना? मी मनाची समजूत घालून पडून राहिलो.

आणि एक दिवस चपलांचा आवाज बंद झाला.

साथ आली होती. बाहेर पडायचं नाही, कुणाकडे जायचं नाही, कुणी यायचं नाही. चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, एक खिडकी आणि बंद दार. मावशींचं बरं होतं, त्यांच्याकडे पायडलचं शिलाई मशीन होतं. जुन्या चादरी फाडून त्यांनी मास्क शिवायला सुरुवात केली. मीटरवाल्यांना काय काम? पहिले चार दिवस त्यांनी घरातले सगळे पंखे पुसले. पुढचे चार दिवस बातम्या पाहिल्या. त्यानंतर ते दारासमोर स्टुलावर बसायला लागले. बंद दाराकडे बघत नुसतं बसायचं. दाढी करणं सोडलं. चहा गार व्हायचा. मावशींनी काही विचारलं की "बरंय" म्हणायचे. माणूस बरा नसला की हा शब्द किती वेळा वापरतो, हे कधी मोजून बघा!

त्यांची लेक दूरच्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. ती महिना महिना घरी येऊ शकत नव्हती. रोज संध्याकाळी सातला, कामावरून सुटली की फोन करायची. बापाचा आवाज खोल गेलेला तिच्या लक्षात आला. बापाला साखरेचाही आजार होता. ती म्हणाली, "बाबा, तो टिक्या कुठाय? बाहेर काढा. घरातल्या घरात सहा हजार पावलं चालायचं आणि संध्याकाळी मला आकडा सांगायचा. नुसतं बसून तुमची साखर वाढेल आणि डोक्यात नाही नाही ते विचार येतील. मी तिकडे येऊ शकत नाही. निदान हा आकडा तरी कळू दे मला."

मला खणातून काढलं तेव्हा माझा आनंद गगनात मावेना! म्हटलं, परत आपले दिवस आले. मीटरवाल्यांनी मला कमरेला लावलं, खिडकीपर्यंत गेले, दारापर्यंत आले, परत खिडकीपर्यंत गेले. मग स्टुलावर बसले. संध्याकाळी लेकीला आकडा सांगितला, "तीनशे चाळीस." दुसऱ्या दिवशी दोनशे दहा. तिसऱ्या दिवशी नव्वद. लेक फोनवर रडवेली झाली. "बाबा, असं नका करू ना. इथे माझं लक्ष लागत नाही." फोन ठेवल्यावर मीटरवाले बराच वेळ मला हातात घेऊन बसले होते. लेकीला त्रास द्यायचा नाही आणि उठवतही नाही, अशा कात्रीत तो माणूस सापडला होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सांगायचं की तोंडानं 'सहा हजार', कोण बघायला येतंय! पण ते यांना जमणार नव्हतं. न बघितलेला आकडा यांच्या तोंडून निघत नाही ना! मग या गृहस्थांनी काय करावं? मावशी भाजी चिरत असताना ते हळूच मशीनखाली वाकले आणि मला पायडलच्या मागच्या बाजूला चिंधीनं घट्ट बांधलं. जन्मभर लोकांच्या मीटरमधली लबाडी शोधली आणि शेवटी स्वतःच मीटरला हात घातला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते असं!

मावशी मशीनवर बसल्या. पायडल खालीवर, खालीवर. माझा लंगर धडाधड आपटायला लागला. चालणाऱ्या माणसाच्या पावलाला एक लय असते. पाय टेकतो, जरा विसावा मिळतो. इथे विसावा कुठला? दोन तास नुसता दणदणाट. संध्याकाळी मीटरवाल्यांनी मला हळूच सोडवलं, काचेत डोकावले आणि फोनवर अगदी खऱ्या आवाजात म्हणाले, "सहा हजार आठशे चाळीस."

"शाब्बास, बाबा!" लेक केवढ्यानं ओरडली! "आता मी सुखानं जेवते बघा."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बाई, पाय तुझ्या आईचे आहेत! तुझा बाप सकाळपासून स्टुलावरून हललेला नाही! पण मी पडलो टिक्या. टिक् म्हणायचं आणि पुढे सरकायचं. रोज सात हजार, पावणेसात हजार, सात हजार शंभर. रोज शाब्बास. आणि रोज तो माणूस थोडा थोडा आणखी गप्प. आकडा चांगला येतोय म्हणून लेकीनं दुसरं काही विचारणं सोडलं. तिला तरी कुठे वेळ होता? माझ्यामुळे ती निर्धास्त झाली होती, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येत होता. मी तिचा पहारेकरी होतो आणि मलाच चोरानं कामाला लावलं होतं.

मावशींना कळलं नाही का? त्या मशीनवर बसल्या की त्यांचं लक्ष सुईवर असे. शिवाय मशीनच एवढं खडखड करायचं की माझी टिकटिक कुणाला ऐकू येणार? एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही चालता कधी हो? मला तर दिसत नाही." हे म्हणाले, "तुझं लक्ष असतं कुठे?" झालं, विषय संपला. माझी स्प्रिंग दिवसेंदिवस सैल पडत चालली होती. माणसाच्या चालीसाठी केलेली नाजूक वस्तू मशीनला जुंपल्यावर आणखी काय होणार?

आणि एक दिवस सुई मावशींच्या बोटात घुसली. चांगलीच घुसली. पट्टी बांधली, शिवणं बंद. पायडल थांबलं आणि मीही थांबलो. मी मशीनखाली बांधलेला तसाच होतो. संध्याकाळी मीटरवाल्यांनी मला सोडवून काचेत बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. न बघितलेला आकडा त्यांना सांगता येतो कुठे? फोनवर म्हणाले, "आज एकतीस." मशीनला कुणाचा धक्का लागला असेल, तेवढेच.

"एकतीस? काय झालं?"

"पाय जरा दुखतोय."

दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी अठरा. लेकीनं काळजीनं औषधं सांगितली. त्यातच तिनं आईची चौकशी केली, तेव्हा मावशी बोटाचं सांगून बसल्या. पाचव्या दिवशी पट्टी सुटली, मावशी मशीनवर बसल्या, आणि संध्याकाळी बाबांचा आकडा पुन्हा सात हजार पंचवीस!

मग लेक म्हणाली, "बाबा, एक विचारू? आईचं बोट दुखलं की तुमचे पाय कसे थांबतात?"

मीटरवाल्यांनी मला मुठीत लपवलं.

"तुम्हीच सांगायचात ना मला लहानपणी. आकडा गुळगुळीत यायला लागला की वर चढून बघावं. मला तिथे येऊन बघता येत नाही. आई, तू बघ गं मशीनखाली."

मावशी गुडघ्यावर बसल्या. पायडलच्या मागे हात घातला. चिंधी त्यांच्या बोटांना लागली. चिंधी त्यांच्याच चादरीची होती, ती त्यांनी लगेच ओळखली. पण मी त्या संध्याकाळी तिथे नव्हतो, मीटरवाल्यांच्या मुठीत होतो. मावशींनी चिंधीकडे बघितलं, मग नवऱ्याच्या मुठीकडे. "अहो! माझ्या पायांना लावलात टिक्या? काय म्हणायचं तुम्हाला! आणि मी मेली आपली शिवत बसलेय!" रागानं त्यांचा आवाज चिरकला. फोन चालूच होता. लेक सगळं ऐकत होती.

मला वाटलं, आता ही चांगलीच भांडणार. मी म्हणत होतो, भांड, चांगली भांड! पण ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, मी इथे रोज सतरा माणसांचे आकडे लिहिते. ताप किती, श्वास किती, साखर किती. कुठला आकडा कधी बिघडेल, सांगता येत नाही. घरचा एक तरी आकडा खरा असू द्या ना."

तेव्हा मीटरवाले रडले. सव्वीस वर्षांत मी त्यांना एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. "मला उठवतच नाही गं," ते म्हणाले. "सकाळी डोळे उघडतात आणि वाटतं, कशाला उठायचं? मी जन्मभर लोकांच्या दारात गेलोय. आता कुणाच्या दारात जायचंय मला? दार बघितलं की छाती दडपते. पाय दुखत नाहीत, पाय चांगले आहेत. मीच बरा नाही."

दोन महिन्यांत त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं होतं. मावशी त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मग हे मला सांगायचं नाही? मी काय मशीनला बांधलेली आहे?" लेक म्हणाली, तिच्या दवाखान्यात मनाच्या आजाराच्या एक डॉक्टर आहेत, त्या फोनवर बोलतात. उद्या दहाला फोन येईल, घ्यायचा. मीटरवाले "हो" म्हणाले. मग लेकीनं विचारलं, "खिडकीपासून दारापर्यंत किती पावलं आहेत?"

"अकरा."

"मग उद्या अकरा चाला. सहा हजार गेले खड्ड्यात."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंचा फोन आला. बंद दाराआड काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही, तेवढी रीतभात मला आहे. पण त्यानंतर मीटरवाल्यांनी मला कमरेला लावलं आणि खिडकीपासून दारापर्यंत मोजून अकरा पावलं टाकली. आणि मित्रांनो, माझं नशीब कसलं फुटकं बघा. मी काचेत दाखवले चार! पायडलच्या हादऱ्यांनी माझी स्प्रिंग सैल झाली होती, तीन-चार पावलं पडली की कुठे एकदा लंगर आपटायचा. माणूस खरा झाला तर यंत्र खोटं!

संध्याकाळी त्यांनी काचेत बघून सांगितलं, "चार."

"चार? अकरा ठरले होते ना?"

"चाललो अकरा. दिसतात चार. दिसतं ते सांगतोय."

लेक फोनवर इतकी हसली की मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

मग गाडी एकदम रुळावर आली असं समजू नका. काही दिवस अकराची बावीस झाली, काही दिवस शून्य. काही सकाळी तोंडावर पांघरूण ओढून पडून राहायचे. मावशींनी एकदा वैतागून त्यांना मशीनवर बसवलं, "एवढी हौस आहे ना पायडलची? मारा आता!" त्यांनी पाय मारला तर मशीन उलटं फिरलं, दोरा तुटला आणि सुई वाकली. मावशींनी कपाळाला हात लावला. पण त्यातूनच त्यांना एक काम सापडलं. शिवलेल्या मास्कच्या पाच-पाचच्या पुड्या करायच्या आणि इमारतीतल्या प्रत्येक घराच्या दाराला अडकवून यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी एकच पुडी नेली, शेजारच्या दारापर्यंत. दार वाजवलं आणि सवयीनं ओरडले, "मीटर!"

आतून शेजारी घाबरून म्हणाले, "अहो, आत्ता कसलं मीटर?"

त्या दिवशी मीटरवाले दार लावून स्वतःशीच हसत बसले होते. मग एक मजला, दोन मजले, असं करत ते जिन्यावर चढू-उतरू लागले. लोक दाराआडून बोलायचे, गाऱ्हाणी सांगायचे, तब्येत विचारायचे. मी मात्र काचेमागे धुमसत होतो. ते तीन हजार पावलं चालायचे आणि मी आठशे दाखवायचो. ते निमूटपणे "आठशे" सांगायचे. लेक म्हणायची, "चालेल, बाबा." माझा जीव तुटायचा. खोट्याला मी सात हजार दिले आणि खऱ्याला आठशे! एवढा अन्याय हातून व्हावा आणि तोंड उघडता येऊ नये?

जवळजवळ तीन महिन्यांनी लेकीला एका दिवसाची सुट्टी मिळाली. तिला घरात यायचं नव्हतं, नुसतं खाली अंगणात उभं राहून बघायचं होतं. तिनं खालून फोन केला. मावशी पट्कन खिडकीत गेल्या. मीटरवाल्यांनी मास्क लावला, मला कमरेला अडकवलं आणि जिना उतरायला लागले. चार मजले, बहात्तर पायऱ्या. इमारतीच्या जिन्याला प्रत्येक वळणावर जाळी आहे. लेक अंगणातून वर बघत होती. चौथ्या मजल्याच्या जाळीत बापाचं डोकं दिसलं, मग तिसऱ्या मजल्याच्या, मग दुसऱ्या. कठड्याला हात नाही, मध्ये थांबणं नाही. मी पोटात सगळा जीव एकवटून आपटत होतो. निदान आज तरी नीट मोजायचं होतं.

ते अंगणात आले आणि दहा हात लांब उभे राहिले. दाढी केलेली होती. डोळे लाल होते, पण नजर वर होती. त्यांनी सवयीनं मला काढलं, काचेत बघितलं आणि म्हणाले, "एकोणीस."

लेकीनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ठेवा ते खिशात," ती म्हणाली. "मी बघितलं."

मित्रांनो, क्षणभर मला फार राग आला. सव्वीस वर्षांची चाकरी केली आणि शेवटी 'ठेवा ते खिशात'! पण खिशात पडल्या पडल्या वाटलं, बरोबरच आहे तिचं. हे तिला आधीच करता आलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं. बिचारीला येता येत नव्हतं. तुम्हाला तर येतं ना? तुमच्या घरात कुणी दिवसभर गप्प बसून असेल आणि विचारलं की "बरंय" म्हणत असेल, तर लांबून आकडे विचारू नका. उठा, जाऊन त्याच्या शेजारी बसा, त्याचं तोंड बघा, आणि त्याला दारापर्यंत घेऊन जा. अकरा पावलं पुरतात. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू घरात असेल तर तिला मशीनला बांधू नका. घड्याळाचं दुकान उघडल्यावर मीटरवाले मला तिकडे घेऊन गेले होते. दुकानदारानं काच काढली, भिंगातून बघितलं आणि मान हलवली. ही स्प्रिंग आता कुणी बनवत नाही.